न उघडणारं कुलूप

सोनाराच्या तिजोरीपुढे कुलूपवाला उकिडवा बसला, तारेचं टोक आत सरकवलं, डोळे मिटले आणि तिजोरी नव्या नवरीसारखी लाजत हळूच ‘कट्’ म्हणाली. इथवर सगळं झकास झालं. मग कुलूपवाल्याने उठायचं ठरवलं, आणि पोट म्हणालं, मी नाही येत.

शेवटी एक बगल सोनाराने धरली, दुसरी त्याच्या कारागिराने, आणि विहिरीतून भरली घागर ओढावी तसं दोघांनी त्याला वर काढलं.

“मिस्त्री,” सोनार धापा टाकत म्हणाला, “तिजोरी उघडलीत, पण तुम्हीच मिटलात की!”

“गुडघ्याला जरा मुंग्या आल्या, शेठ.”

“मुंग्या कसल्या, हत्ती बसलाय तिथं! हे बघा, महिनाअखेरीला तळघरातल्या सगळ्या तिजोऱ्या तपासायच्यात. एकजात जमिनीलगत. तोवर उठबस जमली तर काम तुमचं. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. राग मानू नका.”

राग नाही, पण धसका बसला. आपल्या तिजोऱ्यांशी दुसराच कुणी गुजगोष्टी करतोय, हे चित्र त्याला रस्ताभर छळत राहिलं. घरी आल्या आल्या त्याने जाहीर केलं, “अगं, आजपासून बिस्किटं बंद. केक बंद. जॅम बंद.”

“आणि तोंड?” बायकोने विचारलं.

“तेही.”

पण मन म्हणजे सुटलेलं वासरू. दावं कितीही दाखवा, ते हिरव्याकडेच जाणार. म्हणून बायकोने ओट्याखालच्या कपाटात सगळं गोडधोड कोंबलं आणि वर कुलूप ठोकलं. दुपारी ती बाजारातून आली, तर नवऱ्याच्या मिशीवर बिस्किटाचा चुरा.

“उघडलंत?”

“उघडलं कुठं? नुसतं हात लावून बघितलं, तर तेच उघडलं.”

“कशानं?”

त्याने गुपचूप तिची केसांतली पिन परत केली.

तिने जाडजूड कुलूप आणलं. तेही संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. आकड्यांचं आणलं, त्याला तर त्याने नुसतं कानाशी धरून फितवलं. आणि कुलूप उघडलं म्हणजे मेहनत झाली, मेहनत झाली म्हणजे मजुरी घ्यायला नको का? मजुरी म्हणून दोन बिस्किटं, कुलूप अवघड असेल तर केकसुद्धा. जसजशी कुलपं भारी होत गेली, तसतसा कुलूपवालाही भारी होत गेला. बायको भांडी घासता घासता गुणगुणू लागली,

“कुलूप लावलं दाराला, किल्ली घेतली उशाला,
चोर घरातला बाई गं, शेजार जागवू कशाला?”

ते त्याला झोंबलं. “थांब,” तो म्हणाला, “आता असं कुलूप करतो, की माझ्या बापालाही उघडता येणार नाही. मलाही नाही.”

मग पुढच्या खोलीतल्या दुकानात कानस किरकिर करू लागली. त्याने आत खोट्या खाचा कोरल्या, खोट्या खाचांच्या पोटात खऱ्या दडवल्या. दुपारचं ताट जसंच्या तसं आत परत येऊ लागलं. अखेर कुलूप तयार झालं: दाबलं की आपोआप लागणारं आणि त्याच्या एकुलत्या एका किल्लीशिवाय कुणालाही न ओळखणारं.

“ही किल्ली,” त्याने बायकोला बजावलं, “अशा जागी ठेव, की माझा हात पोचता कामा नये.”

तिने क्षणभर विचार केला, तो पाठमोरा झाल्यावर किल्ली ठेवून दिली आणि कुलूप दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून कुलूपवाला ओट्यासमोर उकिडवा. पिना झाल्या, तारा झाल्या, गोंजारणं झालं, शिव्या झाल्या. दुकानात गिऱ्हाइकाने हाक मारली की उठायचं, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा बसायचं. कुलूप ढिम्म. रोज त्याची छाती अभिमानाने फुगे आणि तोंड रडवेलं होई.

महिना सरत आला, तसा तो हरला. “दे बाई किल्ली. हात जोडतो.”

“ती होय? ती बिस्किटांच्या डब्यात आहे.”

“आणि डबा?”

“कपाटात.”

“अगं, हे काय केलंस!”

“तुमचा हात पोचणार नाही अशी जागा तुम्हीच मागितलीत. घरात दुसरी आहे का?”

नेमका तेव्हाच सोनार दारात. महिनाअखेर झाली, माणसाची उठबस बघून जावी म्हणून आला होता. बघतो तर मिस्त्री कुलपाला नाक लावून बसलेले.

“या भाऊजी,” बायको म्हणाली, “चहा टाकते. साखर तेवढी आत आहे.”

असं म्हणून तिने उलथनं घेतलं, बिजागऱ्यांचे खिळे खालून ठोकून वर काढले आणि दार भलत्याच बाजूने उघडलं. कुलूप मात्र जागच्या जागी, घट्ट लागलेलं.

कुलूपवाल्याचा आ वासला. “हे कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. रोजचा चहा काय साखरेच्या आठवणीनं गोड होत होता?”

सोनार पोट धरून हसला. डबा उघडून त्याने बिस्किट पुढे केलं. “घ्या मिस्त्री. सुटलात एकदाचे.”

कुलूपवाल्याने बिस्किटाकडे पाहिलंही नाही. तो झटकन उठला, दिवा आणला, पुन्हा बसला, कुलपाला कान लावला. डब्यातून किल्ली काढून बायकोने पुढे धरली, तसा तो दचकला. “नको! दाखवू नकोस मला ती!”

“अहो,” सोनार पुटपुटला, “हे तर कुणाच्या हाताशिवाय उठले!”

“त्यांची भूक पोटाची नव्हतीच, भाऊजी. बोटांची होती. कुलूपच लावलं नसतं, तर एवढं खाल्लंही नसतं. मलाच उशिरा उमगलं.”

“आणि एखाद्या दिवशी हेही उघडलं, तर? पुन्हा केक?”

बायकोने चहा गाळला, बिस्किटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि आवाज अगदी खाली आणला.

“उघडलं, की मी नुसतं म्हणायचं, याहून अवघड कुलूप काही तुम्हाला जमायचं नाही.”