तीन दालनं, एक गाढव

जेवणाच्या सुट्टीआधी, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, चष्मेवाल्यानं एक बटण दाबलं आणि आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

चष्म्याचं दुकान हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग, पण जीव अडकलेला साहसखेळांच्या ऑनलाइन कट्ट्यावर. संगणकावर असले खेळ खेळणाऱ्या हौशी मंडळींचा हा कट्टा, आणि हा तिथला ॲडमिन. कट्ट्यावर तीन दालनं होती: कोड्यांची साहसं, मारामारीची साहसं आणि भुताटकीची साहसं. पण हल्लीच्या खेळांचा काही नेम उरलेला नाही. नायक आधी कोडं सोडवतो, मग चौघांना लोळवतो आणि शेवटी भूत बघून पळत सुटतो. त्यामुळे लोक एकच प्रश्न तिन्हीकडे विचारायचे आणि हा बिचारा तिन्हीकडे उत्तरं देत बसायचा. त्या दिवशी तो वैतागला आणि त्यानं तिन्ही दालनं एकत्र करून टाकली. नाव ठेवलं, 'साहस'. कपाट आवरल्यावर वाटतं तसं त्याला हलकं वाटलं.

शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो आणि बायको समुद्रावर निघणार होते. जुळी झाल्यापासून पहिल्यांदाच दोघंच! जुळ्यांना सांभाळायला संध्याकाळी सासूबाई येणार होत्या. बायकोनं बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि येताजाता ती त्या बॅगेकडे बघून हसत होती.

तो जेवण उरकतोय तोच तिचा फोन आला. "आई येत नाहीये."

"का? बरं नाही का त्यांना?"

"ठणठणीत आहे! तिच्या त्या खेळातल्या दीपगृहाचं दार उघडत नाहीये. कट्ट्यावर कुणीतरी तिला रोज थोडं थोडं सुचवत होतं. आज कुणा गाढवानं सगळी दालनं एकत्र केली, तिचा प्रश्न गर्दीत हरवला आणि एक तलवारवाला तिला सांगतोय, 'फोडा की दार!' ती म्हणते, सगळा जन्म ग्रंथालयात गेला माझा, हा असला कालवा मी खपवून घेणार नाही. दार उघडेपर्यंत घर सोडणार नाही."

चष्मेवाल्यानं समोरचं 'साहस'चं पान हळूच बंद केलं.

"ऐकतोयस ना?" मग बायकोचा आवाज एकदम खाली आला. "तूच ना रे ते गाढव?"

"अगं, तुझी आई कट्ट्यावर आहे हे मला काय माहीत!"

"तू ॲडमिन आहेस हे तिलाही माहीत नाही. कळू देऊ नकोस. संध्याकाळच्या आत सगळं होतं तसं कर. नाहीतर समुद्रावर मी एकटी जाते आणि तू जुळ्यांना घेऊन दुकानात बस."

जुळी काय चीज आहेत ते तो जाणून होता. मागच्या खेपेला दुकानात आली तेव्हा त्यांनी नव्या फ्रेमांच्या काड्या उपटून तलवारबाजी केली होती.

तो कामाला लागला. एकत्र करायला एक बटण होतं. वेगळं करायला काहीच नव्हतं. एकेक प्रश्न हातानं उचलून दालनात टाकायचा. बरं, कुठला कुठे? कट्ट्यावर विचारलं तर दोन तट पडले. कोडीवाले म्हणाले, आम्हाला या रेड्यांपासून वाचवा. तलवारवाले म्हणाले, राहा की एकत्र, शिकाल काहीतरी! त्यात 'काळरात्र' नावाचं कुणीतरी ॲडमिनच्या मागे हात धुऊन लागलं होतं. 'ॲडमिन गाढव आहे.' 'ॲडमिन अजूनही गाढव आहे.' 'ॲडमिनला कपाट आणि उकिरडा यातला फरक कळत नाही.' चष्मेवाल्यानं काळरात्रीला कट्ट्यावरून हाकलून दिलं आणि हात झटकले.

खुर्चीत एक ट्रकचालक येऊन बसला होता. चष्मेवाल्यानं एका हातानं त्याच्या डोळ्यापुढची भिंगं बदलली. दुसरा हात फोनवर.

"हे बरं दिसतं की हे?"

"दोन्ही सारखंच."

"सारखं कसं? नीट बघा, वेगळं आहे!"

"आता थोडं याच्यासारखं, थोडं त्याच्यासारखं."

"मग याला टाकू कुठे?"

"डोळ्यावर टाका की राव!" ट्रकचालक ओरडला.

सासूबाईंचा प्रश्न काही सापडेना. 'दार उघडत नाही' अशी हाकाटी तिथे जो तो करत होता. शेवटी त्यानं त्यांनाच फोन लावला.

"आई, तुमचं कट्ट्यावरचं नाव काय हो?"

"कशाला?"

"सहज."

"तुम्ही आणि सहज फोन? बरं. काळरात्र."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला हाकलून दिलंय त्या मेल्यानं. पण सोडत नाही मी त्याला!"

"सोडू नका," तो कसाबसा म्हणाला. फोन ठेवताक्षणी त्यानं काळरात्रीला परत आत घेतलं, मग दुकानाचं शटर अर्धं ओढून घामाघूम होईपर्यंत एकेक प्रश्न जागच्या जागी नेऊन बसवला.

संध्याकाळी घरी आला तर दारात सासूबाई! हातात बॅग, काखेत लॅपटॉप, चेहरा फुललेला.

"उघडलं!" त्या म्हणाल्या. "हाकलून दिल्यावर करणार काय? म्हटलं, तलवारवाल्याचं ऐकून बघू. वल्ह्यानं फोडलं दार! आत राक्षस, त्यालाही वल्हं! वर चढते तर भूत! अगं, काय मजा आली म्हणून सांगू!" आणि एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण आता बघते तर कुणा गाढवानं सगळं परत वेगळं केलंय. दार एकीकडे, राक्षस दुसरीकडे, भूत तिसरीकडे? एका दीपगृहासाठी मी तीन दारं हिंडू?"

"पण आई, तुझं ते ग्रंथालय..." बायको म्हणाली.

"ग्रंथालयात वल्हं कुठे होतं? हे एकत्र होईपर्यंत मी बॅग उघडणार नाही. काय जावईबापू, बरोबर ना?"

बायकोनं नवऱ्याकडे असं बघितलं की तो ताडकन वळला आणि हातपाय धुवायला म्हणून फोन घेऊन न्हाणीघरात शिरला. बाहेर येतो तो सासूबाई बॅगेतून साड्या काढत होत्या.

सकाळची गाडी सुटली. खिडकीशी बसलेली बायको लहान मुलीसारखी हसत होती. चष्मेवाल्यानं समाधानानं पाय पसरले, तोच फोन वाजला. कट्ट्यावर ॲडमिनसाठी काळरात्रीचा निरोप होता.

'काल जितक्या वेळा गाढव म्हटलं, त्यातलं शेवटचं मागे घेते. बाकीची राहू देत. जुळी मजेत आहेत. आता फोन बंद करा आणि समुद्र बघा, जावईबापू.'