साळवे काकांचा अर्धा सिनेमा

साळवे काकांना कुठल्याही सिनेमाची गोष्ट विचारा, शेवटी सगळे जेवायला बसतात.

सिनेमा युद्धाचा असो, भुताचा असो, नाहीतर दरोडेखोरांचा. मध्यंतरापर्यंत काका गोष्ट इतकी चोख सांगतात, की कोणी कुठल्या खिशातून पिस्तूल काढलं तेही सुटत नाही. शेवट जवळ आला की मात्र त्यांचा आवाज मऊ होतो, हात पोटावर येतो आणि ते म्हणतात, "मग काय, भांडणं मिटली. सगळे हातपाय धुऊन जेवायला बसले." एवढ्यावरही थांबत नाहीत. जेवायला काय होतं तेही सांगतात. एका सिनेमात तर डाकूंनी पोलिसांना स्वतःच्या हातानं वांग्याचं भरीत वाढलं होतं.

एकदा मी त्यांच्या भरवशावर, जरा हलकंफुलकं बघावं म्हणून, एक सिनेमा लावला. शेवटी शेवटी नायक मेला, नायिका मेली आणि ज्याचा कशाशी काही संबंध नव्हता तो घोडाही मेला. मी डोळे पुसत समोरचं दार वाजवलं.

"काका, सगळे मेले की हो!"

"तुम्ही लवकर उठलात मेघाताई," काका शांतपणे म्हणाले. "शेवटी नावं येतात ना, ती संपेपर्यंत बसायचं असतं. त्याच्यानंतर जेवतात."

बदलापूरला आमच्या इमारतीत माझं आणि काकांचं दार समोरासमोर आहे. काका अंबरनाथच्या एका फॅक्टरीत पेंट शॉपला होते. तिथे पाण्याचा पाइप वेगळ्या रंगाचा, हवेचा वेगळा, वाफेचा वेगळा. कुठला पाइप कुठून कुठे जातो ते नुसत्या रंगावरून कळायचं. काका रिटायर झाले, पण हात काही रिटायर झाले नाहीत. आमच्या गच्चीवरचे सगळे व्हॉल्व्ह त्यांनी रंगवून ठेवलेत. स्वतःच्या चपलांवरही ठिपके आहेत, डावीवर हिरवा आणि उजवीवर लाल. मी विचारलं, "काका, डावी-उजवी तर आकारावरून कळते ना?" तर म्हणाले, "अंधारात कळते का?" अंधारात रंग तरी कसा दिसणार, हा प्रश्न मी गिळून टाकला.

"रंग जुळला की काम झालं," हे त्यांचं पालुपद. पुतणीला बघायला आलेल्या मुलाचा शर्ट आणि घरातले पडदे एकाच रंगाचे निघाले, तेव्हा काकांनी कोणालाही न विचारता तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. संसार उत्तम चाललाय, त्यामुळे कोणाला काही बोलताही येत नाही.

सुमनकाकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगी बेंगळुरूला असते आणि फोनवरून वडिलांना सुधारायचा प्रयत्न करते. तिचा जुना कॉम्प्युटर घरात आहे, त्यावर काका पत्ते खेळतात आणि हरले की कॉम्प्युटरला लबाड म्हणतात. आणि हॉलमध्ये, टीव्हीखालच्या फळीवर, काकांचा डीव्हीडी प्लेयर आहे.

या प्लेयरचा एक लाल दिवा आहे. तो दोन वर्षांत विझलेला नव्हता. आमच्याकडे लाईट जायला फार निमित्त लागत नाही, म्हणून काकांनी इन्व्हर्टर घेतला. त्यावर काय लावलं? पंखा नाही, फ्रिज नाही, प्लेयर. लाईट गेली की काका बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायचे आणि प्लेयर आरामात चालू असायचा. त्याचा डिस्कचा खण उघडायचं बटण त्यांनी काकूंच्या उरलेल्या नेलपॉलिशनं लालभडक रंगवलंय. लाल म्हणजे धोका, हात लावायचा नाही. त्याच्या रिमोटमधले सेलसुद्धा काढून ठेवले होते.

याचं कारण त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. त्यांचा जुना, पोट सुटलेला टीव्ही 'फट्ट' असा आवाज करून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे, चेहरा पडलेला.

"मेघाताई, प्लेयर कॉम्प्युटरला जोडायचाय. टीव्ही गेला, उद्या प्लेयर गेला तर? आतमध्ये अर्धा सिनेमा राहिलाय."

"कुठला सिनेमा? मी फोनवर लावून देते."

"फोन सुरुवातीपासून दाखवणार. मला राहिलेला अर्धा बघायचाय."

"मग पुढे ओढायचा."

"कुठपर्यंत ओढू? कुठं थांबलाय ते मला ठाऊक नाही. ते फक्त त्याला ठाऊक आहे," काका प्लेयरकडे बोट करून म्हणाले.

तेव्हा त्यांनी समजावलं, की या प्लेयरला स्टॉपचं बटण एकदाच दाबलं तर तो जागा लक्षात धरतो आणि पुन्हा तिथूनच सुरू करतो. दोनदा दाबलं, खण उघडला किंवा वीज गेली की सगळं विसरतो. "दोन वर्षं उद्या बघू, उद्या बघू करत राहिलो," काका म्हणाले. "आता भीती वाटायला लागली."

नवीन टीव्ही घ्यायला ते तयार नव्हते. "घरात एक पडदा असताना दुसरा कशाला?" मुलीनं फोनवर कपाळावर हात मारला, तो मला इकडे ऐकू आला.

मी ऑफिसात हिशेबाचं काम करते. लॅपटॉप घेऊन जा-ये करते एवढ्यावरून काकांनी मला इंजिनियर ठरवलंय. "शनिवारी बघू," म्हटलं. पण काका शनिवारपर्यंत थांबतात होय! संध्याकाळी परत आले तर त्यांच्या घरातून गिरणीसारखी घरघर ऐकू येत होती.

आत जाऊन बघते तर काकांनी कॉम्प्युटरचं टेबलच ढकलत प्लेयरपाशी आणलं होतं, कारण प्लेयर जागचा हलवायचा नव्हता. प्लेयरच्या वायरीला तीन टोकं असतात, पिवळं, लाल आणि पांढरं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे आवाजाची तीन भोकं असतात, हिरवं, गुलाबी आणि निळं. माझ्यासारख्या माणसानं इथेच हात टेकले असते. काकांनी मात्र जुन्या हेडफोनच्या पिना कापून वायरीला जोडल्या होत्या आणि कॉम्प्युटरची भोकं रंगवून काढली होती. एक लाल नेलपॉलिशनं, एक पांढऱ्या. पिवळं नेलपॉलिश काकूंकडे नव्हतं, तर तिथे हळद आणि डिंक.

"रंग तर जुळला," काका घाम पुसत ओरडले. "मग चित्र का येईना? नुसता बोंबलतोय!"

मी आधी ती वायर ओढून काढली. घरघर थांबली आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी "थँक्यू" म्हणालं.

शनिवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून उल्हासनगरला गेलो. तिथल्या कॅम्प चार भागात एक सिंधी गृहस्थ आहेत, त्यांच्या छोट्या दुकानात जगातली कुठलीही वायर मिळते. काकांनी चादरीत गुंडाळून कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेतला होता. अंबरनाथच्या नाक्यावर एका बाईनं मला हळूच विचारलं, "दवाखान्यात नेताय का?" काका म्हणाले, "हो, ऑपरेशन आहे."

दुकानदारानं चादर सोडली, मागची हळद बघितली, वास घेतला. "ये किसने किया?"

"मैंने किया," काका छाती पुढे काढून म्हणाले.

"और प्लेयर किधर है? प्लेयर लाओ ना अंकल, चेक करके देता."

"प्लेयर घर पे है. वो कहीं जाता नहीं."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्या भल्या माणसानं वरच्या फळीवरची पाण्याची बाटली घेतली, दुसरी एक घेतली आणि दोन्हींची तोंडं एकमेकींसमोर धरली. "देखो अंकल. प्लेयर का तार माल बाहर फेकता है. ये कम्प्यूटर का छेद भी माल बाहर फेकता है. दो नल आमने-सामने लगाया, तो बाल्टी किधर है?"

काकांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी कधी विसरणार नाही. "आयला! दोन्हीकडून आउटलेट!" त्यांनी कपाळ बडवलं. "मेघाताई, आउटलेटला आउटलेट जोडलं मी. पेंट शॉपला असं केलं असतं तर सायबानं मलाच रंगवला असता!"

दुकानदारानं एक छोटी डबी दिली. तिच्या एका बाजूला पिवळं, लाल, पांढरं अशी तीन भोकं आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरमध्ये खुपसायची पेनड्राइव्हसारखी पट्टी. "ये आपका बाल्टी. इसमें चित्र अंदर आएगा." रंग आयते जुळलेले बघून काका इतके खूश झाले, की त्यांनी दुकानदाराला वाटेत खायला आणलेले चिवड्याचे पुडे देऊन टाकले. त्यातला एक माझा होता.

रविवारी दुपारी आम्ही कामाला लागलो. डबी लावली, तिचं सॉफ्टवेअर चढवलं, पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडली. सिनेमा थांबलेला असला की प्लेयर नुसता निळा पडदा दाखवतो, तो त्या खिडकीत आला. आला, पण करडा.

"हा आपला निळा नाही," काका म्हणाले.

"काका, सिनेमा तर दिसेल ना."

"रंग जुळला पाहिजे." आवाजात हट्ट होता. "एकदाच दिसणार तो. नीट दिसू दे."

मग मी सेटिंगमध्ये शिरले. तिथली इंग्रजी अक्षरं मला काडीची कळत नव्हती. मी एकेक बदलत गेले आणि काका खुर्चीत बसून निकाल देत गेले. "हा हिरवट." "हा मोरपंखी." "हा तर आजारी दिसतोय." मी वैतागून आणखी एक बटण दाबलं आणि काका ताडकन उठले. "हाच! हाच आपला!"

आणि लाईट गेली.

कॉम्प्युटर काळा झाला, पंखा थांबला, इन्व्हर्टर 'टीं टीं' करायला लागला. काका गुडघ्यांवर बसून प्लेयरला दोन्ही हातांनी धरून बसले, जणू तो पळून जाणार होता. लाल दिवा चालू होता. "आहे," ते म्हणाले. "आहे, आहे." आम्ही दोघं घामानं थबथबलो आणि प्लेयर मजेत होता. लाईट आली तेव्हा काका अजून तसेच बसलेले होते.

मी पुन्हा सगळं सुरू केलं. निळा पडदा आला, बरोब्बर निळा. काका खुर्चीत बसले. शेजारी त्यांनी आणखी एक खुर्ची ठेवली. मी तिच्यावर बसायला गेले तर म्हणाले, "ताई, तुम्ही सोफ्यावर बसता का?" मी सोफ्यावर बसले. मग त्यांनी वाकून प्लेयरचं 'प्ले'चं बटण दाबलं.

सिनेमा मधूनच सुरू झाला. घाटातल्या वळणावर चहाची टपरी चालवणारी एक म्हातारी, परगावी गेलेल्या मुलाची वाट बघतेय. अर्ध्या वाक्यापासूनच ती पुढे बोलत गेली. काका पडद्याकडे बघत मला म्हणाले, "इथपर्यंत तिनं बघितलाय."

मला तेव्हा कळलं.

"तिला कधी शेवटपर्यंत जाग राहिली नाही," काका सांगू लागले. "प्रत्येक सिनेमात झोपायची. सकाळी चहा टाकताना विचारायची, पुढं काय झालं ओ? लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा खरं सांगितलं. दिवसभर रडली, जेवली नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना जेवायलाच बसवतो. मग ती विचारायची, जेवायला काय होतं?" ते जरा हसले. "हा सिनेमा मात्र तिनं स्वतः थांबवला. म्हणाली, आज दम लागतोय, पण हा मी शेवटपर्यंत बघणार, तुमच्यावर भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना."

आम्ही सिनेमा शेवटपर्यंत बघितला. मुलगा येतो, पण उशिरा येतो. टपरी बंद असते. तो बंद फळ्यांसमोर उभा राहतो आणि नावं सुरू होतात. काका नावं संपेपर्यंत बसले. सगळी संपली. पडदा निळा झाला. त्याच्यानंतर कोणी जेवलं नाही.

मी पदराला डोळे पुसले. काकांनी चष्मा पुसला, उठले आणि शोकेसजवळ गेले. तिथे बुद्धाच्या मूर्तीशेजारी सुमनकाकूंचा फोटो आहे. काकांचा आवाज मऊ झाला, हात पोटावर आला.

"सुमन, आला बरं का पोरगा. वेळेवर आला. म्हातारीला गाडीत घालून घरी घेऊन गेला. मग काय, सगळे हातपाय धुऊन जेवायला बसले."

आणि ते थांबले. फोटोकडे बघत राहिले.

"काका," मी विचारलं, "जेवायला काय होतं?"

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. उत्तर तयार होतं. "सुक्या बोंबलाचं कालवण. तांदळाची भाकरी. आणि म्हातारीला गोड लागायचं, म्हणून थोडा शिरा."

मग ते प्लेयरपाशी आले, लाल रंगवलेलं बटण स्वतःच्या बोटानं दाबलं, डिस्क काढून शर्टाला पुसली आणि फोटोमागे ठेवून दिली. लाल दिवा त्यांनी स्वतःच बंद केला.

"मेघाताई," ते म्हणाले, "जाताना तो इन्व्हर्टर पंख्याला जोडून द्या. दोन वर्षं नुसता उकडतोय मी."