दिलीपरावांचे नवे शॉकअप

"योगिताच्या साखरपुड्याला मी एस.टी.नं जाणार. तुमच्या त्या फटफटीवरून कळवणला गेले, तर मला उचलून मांडवात न्यावं लागेल," सुधाताईंनी चहाचा कप टेबलावर आपटत जाहीर केलं. योगिता म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी.

दिलीपरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फटफटी! ज्या बुलेटवरून त्यांनी लग्नानंतर सुधाताईंना थेट द्वारकेला नेलं होतं, जिच्या मागच्या सीटवर बसून हीच बाई "आणखी थोडं पुढं जाऊ या ना" म्हणायची, ती आता फटफटी झाली!

"रस्ते खराब आहेत, गाडी नाही!" ते गरजले.

"रस्ते सगळ्यांनाच खराब आहेत. पाठ माझ्या एकटीचीच दुखते. आता ही शेवटची संधी. कळवणला मी पाठीला हात न लावता उतरले, तर गाडी राहील. नाही तर भाईदासभाईंना देऊन टाकायची. कधीचे मागताहेत बिचारे."

शेजारच्या भाईदासभाईंचे सुरतेतच, पांडेसऱ्याला लूम होते आणि त्यांना बुलेट हवी होती ती कापडाचे ताके वाहायला. "बुलेटवर ताके? उद्या देव्हाऱ्यात बटाटे भराल!" असं ओरडून दिलीपराव घराबाहेर पडले. पण मनातून ते हादरले होते. गाडी जाईल याचं दुःख होतंच, पण सुधा आपल्या मागे बसणार नाही, या कल्पनेनं त्यांना जास्त वाईट वाटलं.

मग रविवारी गाडी नवी करण्याचं काम सुरू झालं. सुरुवात हँडलच्या ग्रिपपासून. जुनी रबरं झिजून गुळगुळीत झाली होती, ती त्यांनी ब्लेडनं कापून काढली. नवी काही केल्या चढेनात. दिलीपराव घामाघूम झाले, रबर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, तरी ग्रिप अर्ध्यावरच.

समोरच्या मालतीबाईंचं डिंडोलीच्या नाक्यावर बांगड्यांचं दुकान होतं. त्या बराच वेळ कठड्याला टेकून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"भाऊ, असा दांडगावा कसाले करतात? घट्ट बांगडी कशी भरतो आम्ही? तेल लावा की जरासं!"

दिलीपरावांनी खोबरेल तेलाची बाटली आणली. दोन्ही ग्रिप सरसर चढल्या. मालतीबाईंनी सवयीनं "सुखी राहा" म्हटलं, आणि दिलीपराव ऐटीत गाडी घेऊन निघाले.

नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं वेग वाढवायला त्यांनी उजवी मूठ पिळली. मूठ फिरली, गाडी ढिम्म. आणखी पिळली, तर रबर नळीवरच गरगर फिरायला लागलं. मागून रिक्षावाला ओरडला, "काका, गाडी चलावो छो के सूई गया?" एक म्हैस त्यांना मागे टाकून पुढे गेली. संतापून त्यांनी हँडल घट्ट धरलं, तर डावी ग्रिप अख्खीच्या अख्खी हातात आली. तेलकट रबर खिशात घालून दिलीपराव, बँकेत ऑफिसर असलेला माणूस, भर बाजारातून बुलेट ढकलत पांडेसऱ्याला उखा मिस्त्रीकडे पोचले आणि त्यांनी ती ग्रिप त्याच्या हातात आदळली.

"काय झाये, साहेब?" उखानं ग्रिप हुंगून पाहिली. "भाजी फोडणीला टाकली का काय हिच्यात?"

"तू हसू नको! नीट बसव. आणि मागचे शॉकअपही बदल. माणूस मागे बसला तर खड्डा कळता कामा नये. उद्या पहाटे कळवणला निघायचंय."

"बिनघोर राहा! उखानं बसवलेले शॉकअप अख्ख्या पांडेसऱ्यात कधी दबले नाहीत. आपला सोताचा फॉर्म्युला आहे."

उखानं पेट्रोलनं तेल पुसून ग्रिप चिकटवल्या. शॉकअपही बसवले, चांगले जाडजूड स्प्रिंगचे. संध्याकाळी दिलीपरावांनी सुधाताईंना सोसायटीत एक फेरी मारायला मागे बसवलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला सुधाताई वीतभर उडाल्या आणि खाली आल्या त्या "आई गं!" करतच. दिलीपरावांची स्वतःची दातखीळ बसायची वेळ आली.

"हे तुमचे नवे शॉकअप? यापेक्षा जुने मायाळू होते हो!"

दिलीपराव तसेच उखावर चालून गेले. "अरे, गाडी आहे की पाटा-वरवंटा? हे दबतच नाहीत!"

"कसे दबतील?" उखा त्यांच्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला. "माल कुठाय?"

"कसला माल?"

"ताके! साहेब, पांडेसऱ्यात माणूस गाडी घेतो कशापायी? मागे बारा ताके टाका, मग बघा. लोण्यावानी चालते का नाही!"

"मी बायकोला नेतोय, उखा! बायकोला!"

"तर मंग वहिनीसंगे बाकीचं वजन टाका," उखा शांतपणे म्हणाला. जुने शॉकअप त्यानं केव्हाच दुसऱ्याच्या गाडीला लावून टाकले होते.

दिलीपरावांनी घरी येऊन उखाला, सुरतेला आणि एकूण कापडधंद्याला मनसोक्त शिव्या घातल्या. सुधाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त मालतीबाईंना हाक मारून सांगितलं, कळवणकडं कोणाला काही धाडायचं असेल तर आणून द्या. सुरतेहून माणूस गावाकडं निघाला की त्याच्याबरोबर साड्या धाडायच्या, ही इथली रीतच. आजवर दिलीपरावांच्या धाकानं त्यांच्याकडं कोणी यायचं नाही. ते आज नेताहेत म्हटल्यावर गल्ली लोटली. कोणाच्या बहिणीची साडी, कोणाच्या विहीणबाईंची, कोणाच्या नणंदेच्या बाळाच्या बारशाची. जेवणं होईपर्यंत ओट्यावर गठ्ठ्यांची थप्पी लागली.

"माझी बुलेट आहे ही, गाढव नाही!" दिलीपराव किंचाळले. पण पहाटे दोन्ही बाजूंना गठ्ठे बांधून सुधाताई मध्ये बसल्या आणि गाडी अलगद खाली बसली. उखाचं म्हणणं खरं निघालं. वघईच्या पुढचे खड्डे आले कधी नि गेले कधी, पत्ता लागला नाही. सापुताऱ्याच्या घाटात त्यांनी टपरीवर चहा घेतला. पुढे सुधाताईंनी दिलीपरावांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि कितीतरी वर्षांनी हळूच गुणगुणायला लागल्या. दिलीपरावांना भरून आलं. कळवणला त्या टुणकन उतरल्या, पाठीला हात न लावता.

पण सुरतेचं पासिंग आणि वर गठ्ठे, म्हणजे साडीवालाच आला, अशी कळवणच्या बायकांची पक्की समजूत. दिलीपरावांनी हेल्मेट काढायच्या आत त्यांना गराडा पडला.

"ओ दादा, ती जांभळी दाखवा ना!"

"मी जावई आहे इथला! बँकेत ऑफिसर आहे!"

"असू द्या हो. जावई म्हणून थोडं कमी लावा!"

सुधाताईंच्या आईच, प्रमिलाबाई, गठ्ठ्यात हात घालून बसल्या. "जावईबापू, हिला फॉल-पिको आहे का?" कोणाच्या विहिणीची साडी कोणी नेली, कोणाला काही कळेना. सुधाताई मात्र पदर खोचून हसतमुखानं घड्या उलगडत होत्या. "संपली? आणते की आणखी, आत्या!" असं आश्वासन त्या जिला तिला देत होत्या. दिलीपराव ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. अख्ख्या साखरपुड्यात त्यांनी फक्त पेढा खाल्ला, तोही रागानं.

रात्री सुधाताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "अहो, भाईदासभाईंना सांगा, गाडी विकायची नाही."

दिलीपरावांचा राग कुठल्या कुठे पळाला. "खरंच, सुधा?"

"मग? योगिताच्या लग्नापर्यंत दर रविवारी एक खेप झाली पाहिजे. वहिनीला पैठणी काठाच्या हव्यात, आत्याला जॉर्जेट."

"मी बँकेत ऑफिसर आहे, सुधा!"

"रविवारी बँक बंदच असते की."

दिलीपराव बराच वेळ फणफणले. मग त्यांना घाटातलं ते गुणगुणणं आठवलं आणि ते विरघळले. झाल्या खेपा तर झाल्या, सुधा तर मागे असेल.

"बरं," ते हळुवारपणे म्हणाले, "उद्या सकाळी लवकर निघू. घाटात पुन्हा थांबू, आपण दोघंच."

"तुम्ही निघा सावकाश," सुधाताई आडवं होत म्हणाल्या. "दादानं माझी एस.टी.ची सीट धरून ठेवलीय. रिकामी गाडी फार हादरते हो."