अहिरे सरांचे बिंदू

अहिरे सर माणसाच्या तोंडाकडे बघायचे, पण तोंड बघायचे नाहीत, बिंदू शोधायचे. मी नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला मिनिटभर न्याहाळलं आणि म्हणाले, "डोळ्यांचे कोपरे चांगले आहेत. कान उपयोगाचे नाहीत." माझा हात आपोआप कानाकडे गेला. पाळी कुठं सुटते आणि गाल कुठं संपतो हे ठरत नाही, म्हणून कान बाद, असा खुलासा झाला. सासुरवाडीच्या मंडळींनीही माझी इतकी चिकित्सा केली नव्हती.

त्यांचं काम मधमाशीच्या पंखावर. नामपूर हे त्यांचं गाव. तिथल्या कांद्याच्या डोंगळ्यांवर, म्हणजे बियाण्याच्या फुलांवर, येणारी माशी आणि वणीच्या डोंगरातली माशी, यांच्या पंखांच्या आकारात फरक आहे का, हे ते वर्षानुवर्षं तपासत होते. पंखाचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा करायचा, ठरावीक ठिकाणी बिंदू ठेवायचे आणि त्यांवरून आकार मोजायचा. सगळा जीव ती ठिकाणं निवडण्यात. "दोन शिरा मिळतात तिथंच बिंदू. फुगवट्यावर विश्वास ठेवायचा नाही," हे वाक्य दिवसातून दहादा. एकदा पंचवटीच्या बाजारात वांगं हातात धरून मला सांगू लागले, याला धड दोनच बिंदू, देठ आणि बूड, बाकी सगळा फुगवटा. भाजीवालीनं ते वांगं काढून घेतलं.

विद्यार्थ्यांचा तर छळच. एकदा ठेवलेले बिंदू आठवड्यानं पुन्हा ठेवायला लावत, तेही फोटोंची नावं बदलून, म्हणजे कुठली माशी कुठली ते कळू नये. बिंदू हलला की म्हणत, "तुला हवा तिथं ठेवलास. माणूस खोटं बोलत नाही, हात बोलतो." आणि पुसायला लावत. एका मुलीनं रडून विषयच बदलला. मला ते निव्वळ विक्षिप्त वाटायचे, आणि स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करून मी लोकांना भरपूर हसवलंही आहे.

थंडीत सरांच्या बायकोला, वहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, तोंडाची डावी बाजू मात्र उतरली ती उतरलीच. चहा त्या कोपऱ्यातून गळायचा. तोंड सरळ झाल्यावरच बाहेर पडेन, असं म्हणून वहिनींनी उंबरठा ओलांडणं बंद केलं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती.

मे महिन्यात सरांनी मला घरी बोलावलं. झटक्यानंतर रोज सकाळी त्याच खुर्चीत, त्याच खिडकीशी बसवून ते वहिनींचा फोटो काढत होते आणि डोळ्यांच्या, ओठांच्या कोपऱ्यांवर बिंदू ठेवत होते. त्यांच्या मोजमापात डावा कोपरा हळूहळू वर येत होता. तेवढ्या भरवशावर वहिनी तासतास आरशासमोर बसून गालाचे व्यायाम करत होत्या.

"बिंदू मीच ठेवलेत," सर म्हणाले. "माझ्या हातावर माझा विश्वास नाही. तुम्ही ठेवा."

फोटोंची नावं अर्थातच बदललेली होती. पण इतक्या काटेकोर माणसाकडून एक गोष्ट राहून गेली होती. थंडीतल्या फोटोंत वहिनींच्या अंगात स्वेटर होता, अलीकडच्या फोटोंत नव्हता. जुने कुठले, नवे कुठले, मला सरळ दिसत होतं. आणि कोपरा होता तिथंच आहे, हेही दिसत होतं. वहिनी समोर बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. मला फार वाईट वाटलं. बिनस्वेटरच्या फोटोंत मी बिंदू जरासा वर ठेवला.

सर शेजारी येऊन बसले. त्यातला एक फोटो त्यांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "इथं ओठ मिळत नाहीत. हा गाल आहे. माझाही बिंदू इथंच पडला होता."

मी पुसायला माउसकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या."

पदरानं तोंडाचा कोपरा टिपत वहिनींनी विचारलं, काय निघालं? सरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. या वेळी ते बिंदू शोधत नव्हते. घरात दोघं अहिराणीच बोलत, 'आहे'ला 'शे' म्हणत.

"वर शे," सर म्हणाले.