गुळावर चालणारा माऊस

दोन हजार साल उजाडलं, आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले आणि लॅबच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. माझ्या परवानगीशिवाय लॅबमध्ये माशीसुद्धा शिरत नाही, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. माशीचं सोडा, माऊसच्या गोळ्याच पळाल्या!

माऊसच्या पोटात एक रबरी गोळी असते. ती फिरली की पडद्यावरचा बाण फिरतो. एके दिवशी शिक्षण खात्याचे साहेब लॅब बघायला येणार होते. लॅब बंद दिसली तर सगळे कॉम्प्युटर उचलून शेजारच्या गावाला देणार, असं स्वामी हेडसरांनी बजावलं होतं. शेजारच्या गावाला! खो-खोत आम्हाला रडवतात त्यांना! म्हणून मी आदल्या दिवशी माऊस हलवून बघितला, तर बाण ढिम्म. उलटा केला, तर पोट रिकामं. सगळ्याच माऊसांचं तेच.

गोट्या खेळण्यात पटाईत असलेल्या नववीच्या पृथ्वीराजला कोपऱ्यात घेतलं.

"सर, गोट्या म्हणून लई भारी हुत्या वो. नेम चुकतच न्हवता."

"आणि आता कुठं आहेत?"

"भाऊसो आण्णांच्या उसात गेल्या. कालच पाणी पाजलंय. चिखलात घुसल्या."

कोल्हापुरात जाऊन नवीन आणायला वेळ नव्हता. पण मी काय हातावर हात ठेवून बसणारा माणूस? लिंबू घालून बघितलं, मावेना. कणकेची गोळी चिकटून बसली. सुपारी नुसतीच खुळखुळली. शेवटी भाऊसोंच्याच गुऱ्हाळावरून ताजा गूळ आणला, हातावर गोळी वळली, वाळवली आणि आत बसवली. बाण सरकला! आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्या माऊसांना गूळ भरवला आणि घरी जाऊन बायकोला हा शोध सांगितला.

"झाकण घट्ट लावलंय न्हवं?" तिनं विचारलं.

मी हसलो. बायकांना तंत्रज्ञानातलं काय कळतं!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चष्मा कपाळावर. दहावीच्या अक्षतानं चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला. पडदा पांढराशुभ्र झाला. तिनं माऊस हलवला, बाण जरासा गेला आणि अडला. तिनं जोर लावला. माऊसमधून एक मुंगी बाहेर आली. मग तिचं सगळं घराणं. वायरीवरून रांगेनं निघालं ते थेट त्या पांढऱ्या पडद्यावर.

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

साहेब पुढं वाकले. "अरे वा, चालणाऱ्या मुंग्या! एकमेकींना भेटून पुढं जातायत बघा. कुणी केलं हे, बाळ?"

"सरांनी," अक्षता म्हणाली. पोर खोटं बोलली नाही.

"साहेब, त्या खऱ्या..." पृथ्वीराजनं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"अजून सुधारणा चालू आहेत, साहेब," मी घाम पुसत म्हणालो.

साहेबांनी माझा हात हातात घेतला. "कॉम्प्युटर इथंच राहतील. आणि सोमवारी तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांना शिरोळात बोलावतो. हा प्रोग्रॅम त्यांना तुम्ही शिकवायचा."

साहेबांची जीप गेली तसे हेडसर खुर्चीत कोसळले. "वाचलो की वो, मास्तर."

ते वाचले. मी कुठं वाचलो?

आज सोमवार. शिरोळच्या एसटीत बसलोय. पिशवीत गुळाची ढेप आहे. मुंग्या तिथं मिळतील की घरनंच न्यायला हव्या होत्या, एवढंच काय ते कळेना झालंय.