शंभर आनंददायी पुस्तकं आणि एक खोकला

आनंद ही अत्यंत जबाबदारीची बाब असून ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे आता सर्वच प्रगत संस्थांना पटलेलं आहे. मर्जीवर सोडलं की लोक कशाचाही आनंद घेतात, कुठेही घेतात, आणि वर त्याची नोंदही ठेवत नाहीत.

शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात हा बेशिस्तपणा तब्बल बासष्ट वर्षं चालू होता. तिथे सहा हजार चारशे बारा पुस्तकं होती आणि त्यांतली आनंददायी कोणती, हे कोणालाही अधिकृतपणे ठाऊक नव्हतं. वाचक येत, कपाटापुढे मान वाकडी करून उभे राहत, मनाला येईल ते पुस्तक ओढून काढत, दोन पानं चाळत आणि घरी नेत. (काही जण तर पानंही चाळत नसत. नुसता वास घेत.) शेवटी कार्यकारी मंडळाने 'आनंददायी ग्रंथ निवड समिती' नेमली. निसर्ग, मद्य, क्रीडा आणि ज्ञान या चार विषयांवरची प्रत्येकी पंचवीस पुस्तकं समितीने निवडायची, ती शंभर ठेवायची आणि उरलेली सहा हजार तीनशे बारा मार्गी लावायची, असा ठराव झाला. मार्गी म्हणजे कोणत्या मार्गी, हे ठरावात नव्हतं. पण रद्दीवाल्याला महिनाअखेरीला टेम्पो घेऊन यायला सांगून ठेवलं होतं.

चारच विषय का, असं कोणी विचारेल. मंडळाने त्याचा पूर्ण विचार केला होता. निसर्ग माणसाला घराबाहेर काढतो, मद्य त्याला घरी परत येऊ देत नाही, खेळ त्याला बसवून ठेवतो आणि ज्ञान झोपवतं. माणसाच्या दिवसात याहून वेगळं काही उरत नाही.

सदस्य निवडताना निःपक्षपातीपणाला फार जपलं गेलं. ज्याला ज्या विषयाची गोडी, त्याला त्या विषयाच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हे मूळ तत्त्व. कारण गोडी असली की माणूस बाजू घेतो. त्यानुसार मद्यविषयक पुस्तकं व्यसनमुक्तीवर जागोजागी भाषणं देणाऱ्या काकूंकडे आली. क्रीडा विभाग सोफ्यांच्या दुकानाच्या मालकांकडे गेला. आजवर झालेले सगळे महत्त्वाचे सामने त्यांच्याच मालावर बसून पाहिले गेले होते. निसर्गासाठी झाडं तोडण्याचे ठेकेदार मिळाले. झाड आतून पाहिलेला समितीतला तो एकमेव माणूस. ज्ञान आणि अध्यक्षपद दोन्ही निवृत्त हेडमास्तरांकडे होतं. त्यांनी छत्तीस वर्षं एकच पुस्तक शिकवलं होतं आणि त्याचा शेवट त्यांना अजून आवडला नव्हता.

पाचवा माणूस म्हणजे ग्रंथपाल. त्याला सगळं गाव 'वाळवी' म्हणे, कारण एकदा पुस्तकात शिरला की तो पलीकडच्या पुठ्ठ्यातूनच बाहेर यायचा. समितीत तो सचिव होता. सचिवाला मत नसतं. त्याने इतिवृत्त लिहायचं, चहा सांगायचा आणि वाऱ्याने कागद उडू लागले की खिडकी लावायची. एकतीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला पुस्तकांबद्दल मत असणं समितीच्या दृष्टीने धोक्याचंच होतं, त्यामुळे ही व्यवस्था योग्य होती.

समितीचं काम अतिशय शास्त्रशुद्ध पद्धतीने चाललं. पहिल्या सहा बैठकांत नियमावली तयार झाली. तिच्यातला तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: ज्या सदस्याने पुस्तक वाचलेलं असेल, त्याला त्या पुस्तकावर मत देता येणार नाही. (वाचलं की आवडतं किंवा नावडतं, आणि दोन्ही परिस्थितींत निर्णय कलुषित होतो.) मग पुस्तक निवडायचं कसं? त्यासाठी वजन, मुखपृष्ठाचा रंग, पानांची संख्या आणि टेबलावर आपटल्यावर होणारा आवाज असे चार निकष ठरले. आनंदाचीही प्रतवारी झाली: सौम्य, मध्यम आणि तीव्र. तीव्र आनंदासाठी अध्यक्षांची पूर्वपरवानगी लागे. मद्यावरच्या पुस्तकांना काकूंनी एक जादा अट घातली, की वाचणाऱ्याला त्यानंतर तहान लागता कामा नये. द्राक्षाच्या वेलींवरील बुरशीचे सर्व प्रकार सांगणारा एक ग्रंथ या अटीवर सहज पहिला आला.

अकरा बैठका झाल्या. एकूण चव्वेचाळीस तास काम चाललं. या काळात समितीने तीन पुस्तकं उघडली: एक ठेकेदारांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून, एक पंख्याखाली फडफडणारी पावती दाबायला, आणि एक चुकून. चुकून उघडलेल्या पुस्तकाबद्दल सोफावाल्यांनी दिलगिरी व्यक्त केल्याची नोंद आहे.

वाळवी हे सगळं निमूटपणे लिहून घेत होता. आतून मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि तोही एका पुस्तकापायी. एकशे चाळीस पानांचं, फिकट हिरव्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक एका निवृत्त घड्याळदुरुस्तीवाल्याने आपल्या घरामागच्या डबक्याविषयी लिहिलं होतं. स्वतःच्या पैशांनी दोनशे प्रती छापल्या होत्या. ज्या छापखान्यात ते छापलं, तिथे आता चपलांचे खोके छापतात.

वाळवीची थोरली बहीण, ताई, नवरा गेल्यापासून त्याच्याकडे राहत होती. दीड वर्षं ती कामापुरतं बोलत होती. दूध आलं का, दार लाव, पंखा बंद कर. वाळवीने डॉक्टर केले, पाहुणे बोलावले, स्वतः विनोद सांगून पाहिले. (हा उपाय त्याने एकदाच केला.) मग एका संध्याकाळी तो खुर्चीत बसून हेच पुस्तक वाचताना एकटाच खो खो हसायला लागला आणि ताईने विचारलं, "काय झालं रे?" त्याने पान त्रेचाळीस वाचून दाखवलं. ताई आधी गालात हसली, मग पोट धरून हसली, मग रडली, आणि डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा वाच." दुसऱ्या दिवसापासून ती बोलू लागली. आता तर ती इतकं बोलते की पंखा बंद कर हे वाळवीला सांगावं लागत नाही, भांडणाच्या भरात तीच उठून करते.

असं पुस्तक रद्दीत जाऊन त्याच्या पिशव्या होणार, ही कल्पना वाळवीला सोसवत नव्हती. शर्टाखाली घालून ते घरी न्यावं, असं त्याच्या मनात एकदा आलंही. पण एकतीस वर्षांत त्याने नोंद न करता एकही पुस्तक हलवलं नव्हतं, आणि प्रामाणिक माणसाला चोरी जमत नाही. शेवटी बाराव्या बैठकीत, इतिवृत्त लिहायचं सोडून, तो उभा राहिला आणि म्हणाला, "एक पुस्तक सुचवायचंय."

हेडमास्तरांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"विषय?"

"डबकं. म्हणजे निसर्ग. पण तो मोरीत द्राक्षांची दारू करायला जातो आणि बाटल्या फुटतात, तेही आहे. मग मेव्हण्याशी पाण्यावर दगड टप्पे खात फेकायची पैज लावतो. आणि त्रेसष्टाव्या वर्षी पुस्तकावरून पोहायला शिकतो."

"म्हणजे चारही विभागांत बसतं," सोफावाले आनंदाने म्हणाले.

"म्हणजे एकाही विभागात बसत नाही," हेडमास्तरांनी दुरुस्ती केली. "तुम्ही हे वाचलंय?"

"अकरा वेळा."

"मग तुमचं मत बाद."

"मला मत नाहीच आहे, सर."

"तरीही बाद. पुढेमागे मत झालंच, तर ते आधीच बाद." हेडमास्तर कठोर होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी नियम सात काढला. त्या नियमाप्रमाणे, एखाद्या पुस्तकाने प्रत्यक्ष आनंद झालेली व्यक्ती समितीपुढे सादर केल्यास पुराव्याचा विचार करता येत होता. अशी व्यक्ती सापडेल अशी नियम करताना कोणाचीच अपेक्षा नव्हती.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता वाळवीने ताईला सादर केलं. ती धुतलेली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली. काकूंनी तिला पाणी दिलं. ठेकेदारांनी तिचं वय आणि चष्म्याचा नंबर लिहून घेतला. मग हेडमास्तर म्हणाले, "हं. आता हसा."

"अहो, असं सांगून हसू येतं होय?" ताई म्हणाली.

"त्या दिवशी आलं होतं ना?"

"त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं."

हा मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे प्रसंग जसाच्या तसा पुन्हा घडवावा, असं ठरलं. वाळवीने खुर्चीत बसून पान त्रेचाळीस वाचावं, साक्षीदाराने ऐकावं, आणि सदस्यांनी मत कलुषित होऊ नये म्हणून कानांवर हात ठेवावेत. सर्वांनी हात ठेवले. (बोटांत फटी होत्या, हे नंतर निष्पन्न झालं.)

त्या पानावर घड्याळदुरुस्तीवाला जेवणाच्या टेबलावर पोटावर आडवा होऊन, समोर पुस्तक उघडं ठेवून पोहण्याचा सराव करत असतो. पाय मारा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, म्हणून तो पाय मारतो. श्वास घ्यायला मान उजवीकडे वळवा, असं असतं. मान वळवतो तर दारात गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस उभा. तो माणूस पायातल्या चपला काढून बाजूला ठेवतो आणि अदबीने विचारतो, "खोल आहे का हो?"

ताई हसली. ती हसणारच होती, त्यात काही विशेष नाही. पण मग सोफावाल्यांचं पोट हलू लागलं. काकूंनी तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर आलाच. ठेकेदार तर डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, "अहो, माझे वडील असेच शिकले होते!" आणि हेडमास्तर, ज्यांना छत्तीस वर्षांत कुठल्या वर्गाने हसताना पाहिलं नव्हतं, त्यांचा चष्मा नाकावरून घसरून इतिवृत्तावर पडला. सुमारे चार मिनिटं समितीचं कामकाज होऊ शकलं नाही. वाळवीला त्या चार मिनिटांत इतकं बरं वाटलं की पुस्तक वाचलं, असंच तो धरून चालला.

मग सगळे भानावर आले आणि प्रसंगाचं गांभीर्य त्यांच्या लक्षात आलं. संपूर्ण समितीला पूर्वपरवानगीशिवाय तीव्र आनंद झालेला होता. नियम तीनप्रमाणे आता या पुस्तकावर मत द्यायला एकही सदस्य पात्र उरला नव्हता. शिवाय ही गोष्ट बाहेर फुटली असती तर निवडलेल्या शंभर पुस्तकांची यादीही संशयाच्या भोवऱ्यात सापडली असती, कारण त्यांच्या बाबतीत असं काहीच झालं नव्हतं.

हेडमास्तरांनी मार्ग काढला. इतिवृत्तात 'सदस्यांना सामुदायिक खोकला आला' अशी नोंद झाली आणि तिच्याखाली पाचही सह्या झाल्या. पुस्तक रद्दीत टाकायचं नाही, यावर मात्र सर्वांचं एकमत होतं. काकू तर म्हणाल्या, "त्याला हात लावाल तर बघा." एवढं प्रभावी पुस्तक कोणाच्याही हातात पडणं बरोबर नाही, यावरही एकमत झालं. म्हणून त्याच्यासाठी 'अपवादात्मक आनंद' असा पाचवा विभाग उघडून ते दर्शनी भागात काचेच्या कपाटात, उभं, दिवा लावून ठेवावं आणि घरी न्यायला किंवा हाताळायला देऊ नये, असा ठराव झाला. कपाटाला भक्कम कुलूप आलं. किल्ली हरवू नये म्हणून ती त्याच कपाटात ठेवून मग कुलूप दाबलं.

योजना कमालीची यशस्वी झाली. शंभर पुस्तकांच्या यादीचे पहिल्या आठवड्यात नऊशे चौदा लोकांनी फोटो काढले. त्यांपैकी आठशे नव्वद जणांनी ते पुढे पाठवले. पुस्तकं नेली ती चौघांनी, आणि त्यांतल्या एकाने बुरशीवरचा ग्रंथ दाराला अडसर म्हणून चांगला असल्याचं लेखी कळवलं. टेम्पो तीन खेपा करून गेला. वाचनालयात आता भरपूर उजेड येतो.

महिन्याभराने ताई आली. काचेला नाक लावून तिने पुस्तकाकडे पाहिलं.

"काढ ना रे जरा. आज त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. एकदा वाचून दाखव."

"निघत नाही, ताई."

"मग पाठ असेल ना तुला? अकरा वेळा वाचलंस."

वाळवीने प्रयत्न केला. टेबल आलं, पाय मारून झाले, शेगडीवालाही आला. पण पाठ म्हटलेला विनोद म्हणजे नुसती हकीकत होते. ताईने समजूतदारपणे मान हलवली, आणि त्या समजूतदारपणाचंच वाळवीला वाईट वाटलं. तिला बाकावर बसवून त्याने जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा काढला आणि धूळ झटकत एकेक पान पाहत गेला. तासाभराने त्याला ती नोंद सापडली. घड्याळदुरुस्तीवाल्याने वाचनालयाला एक नव्हे, दोन प्रती भेट दिल्या होत्या. दुसरी प्रत सात वर्षांपूर्वी एका वाचकाने घरी नेली होती. ती परत आली नव्हती.

वाचकाचं नाव वहीत स्वच्छ अक्षरात आहे. ते इथे छापणं सभ्यपणाचं होणार नाही. उलट त्या वाचकाबद्दल वाळवीच्या मनात आदरच आहे, कारण त्याला पुस्तकांची मनापासून आवड आहे, असं तो चारचौघांत नेहमी सांगतो. हे पुस्तक तो निवांतपणे वाचणार होता, रविवारी. ते हरवलेलं नाही. वरच्या फळीवर, उभ्या पुस्तकांवर आडवं ठेवलेलं आहे, आणि आत खुणेला विजेचं जुनं बिल आहे. दंड नाही, कोणी काही विचारणार नाही, वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं. तेव्हा हे वाचून झाल्यावर जरा उठून बघा. ताई पान त्रेचाळीससाठी बाकावर बसून आहे, आणि तुम्ही सात वर्षं पान नऊवर आहात.