शर्यतीची बांधाबांध

पेट्रोलचा वास हा रस्त्याचा वास. तो एके सकाळी तुळशीपाशी येऊ लागला, तेव्हा मी चमकले. म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातल्या आमच्या गल्लीत सकाळचे वास ठरलेले असतात: कॉफीच्या डिकाशनचा, ओल्या सड्याचा, कुणाच्या तरी फोडणीतल्या कढीलिंबाचा. त्या दिवशी या सगळ्यांच्या वर एक तिखट, निळसर वास तरंगत होता. कुंपणावरून डोकावले, तर शेजारचे गोविंदरावकाका पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरून सुमित्राकाकींच्या नाकाभोवती, निरांजन ओवाळावे तसा, सावकाश फिरवत होते.

"सवय करतोय, टीचरबाई," ते मला म्हणाले. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मला दुसरे नाव नाही. "रोज थोडं थोडं वाढवायचं. पुढच्या रविवारपर्यंत नाक तयार होतंय, अल्वा, हो की नाही?"

"आणि डोकं दुखलं तर?" काकींनी नाक आक्रसून विचारले.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खिशातल्या वहीत लिहिले. "बाम. बेकागुत्ते."

बेकागुत्ते, म्हणजे लागेल. काकांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत तलवार घेऊन आले. तलवार केव्हाच गेली, मराठी राहिली. पण खिरीत बेदाणे पेरावेत तसे तिच्यात कन्नड शब्द पेरले गेले. त्यातला काकांचा सर्वांत लाडका बेदाणा हा. त्यांनी नोकरी केली ती एका कॉलेजच्या रसायनशाळेत, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याची. निवृत्तीनंतर ती विद्या स्वयंपाकघरात शिरली. त्यांच्या फळीवर एका बरणीवर 'साखर' असे लिहिले आहे, दुसरीवर 'साखर, मुंग्यांची', आणि तिसरीवर 'मीठ, चाखून पाहिले'.

या नव्या बांधाबांधीचे कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होते. सव्वा वर्षापूर्वी काकी सिटी बसमधून उतरताना पडल्या. हाड सांधले, डॉक्टरांनी काठीसुद्धा सोडवली. पाय बरा झाला, भीती मात्र लंगडतच राहिली. तेव्हापासून त्यांनी घराचे फाटक ओलांडले नव्हते. भाजी फाटकाशी येई, दूध फाटकाशी येई, देवीचा प्रसादही फाटकावरूनच आत जाई. अशात चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या मैदानावर मोटारींची शर्यत जाहीर झाली, आणि काका दोन पास घेऊन आले.

शर्यतच का, तर त्याला एक शिंक कारण होती. काकींचे माहेर कृष्णराजनगरकडचे. दहा वर्षांच्या असताना त्यांच्या भातशेताशेजारून शर्यतीची एक मोटार जाणार होती. सारे गाव बांधावर उभे राहिले. दूर धुरळा उठला, जमीन गुरगुरली, आणि नेमक्या त्या क्षणी काकींना शिंक आली. डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ बसत होती. "माझी गाडी शिंकेत गेली," हे वाक्य काका लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ऐकत आले आहेत. स्वतः काकांना रिक्षा वळली तरी मळमळते.

काकी "येत नाही" असे कधीच म्हणाल्या नाहीत. त्या फक्त अडचणी सांगत, आणि काका प्रत्येक अडचणीची वस्तू करत.

"अय्यो, ऊन किती असेल!" छत्री आणि कापडी टोपी. "धूळ?" ओला पंचा, डब्यात. "कान फुटतील माझे." कापूस, खोबरेल तेलासह. "बसायचं कुठे? दगडावर?" घडीची खुर्ची, शिवाय खुर्ची हलली तर पायाखाली द्यायला विटेचे दोन तुकडे. "तिथलं पाणी मला चालत नाही." तीन बाटल्या: पिण्याचे, हात धुण्याचे, आणि 'शिल्लक'. भुकेसाठी चिंचेचा पुळियोगरे भात, दहीभात, कडबोळ्यांसारखी कडक कोडबळी. आणि कोडबळी दाताखाली फुटली नाहीत तर खलबत्ता. हा खलबत्ता लोखंडी होता.

शेवटी काकींनी आपले ब्रह्मास्त्र काढले. "आणि परत तेव्हाच शिंक आली तर?"

काकांची पेन्सिल दिवसभर कानावरच राहिली. संध्याकाळी वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला. वहीत नोंद झाली: 'नाकाला चिमटा, लाकडी. बेकागुत्ते.'

गुरुवारी दुपारी गच्चीवर शर्यतीची रंगीत तालीम झाली. काकी खुर्चीत बसल्या: डोक्यावर टोपी, कानांत बोळे, गळ्यात दुर्बीण, नाकावर चिमटा. धुळीसाठी काकांनी गादी झोडपली. आवाजासाठी मिक्सरमध्ये भाजके हरभरे फिरवले; त्या खडखडाटाने समोरच्या घरातली कबुतरे पलीकडच्या विजयनगर वस्तीच्या दिशेने निघून गेली. मग काका माझ्याकडे वळले.

"टीचरबाई, तुम्ही गाडी."

"मी?"

"टाकीभोवती दहा फेऱ्या. सुम्ने, नुसतं पळायचं."

मी कवितेवर प्रेम करणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. तरीही पदर खोचून मी पाण्याच्या टाकीभोवती धावले. उन्हात सिमेंट तापले होते, तळव्यांना चटके बसत होते, हवेत भाजक्या हरभऱ्यांचा खमंग धुरळा होता. तिसऱ्या फेरीला काकींनी दुर्बीण माझ्यावर रोखली आणि चिमट्यातून, गेंगाण्या स्वरात निकाल दिला, "हळू आहे हो ही."

काका म्हणाले, "पेट्रोल कमी पडतंय," आणि मला एक कोडबळे दिले.

त्या दिवशी काकी हसल्या. पण खाली उतरल्यावर त्यांची नजर फाटकाकडे गेली, आणि हसू ओठांवरून हलकेच पुसले गेले.

शनिवारी सर्व वस्तू कॅनव्हासच्या एका लांबट पिशवीत गेल्या. तिच्या दोन टोकांना दोन पट्टे होते. मी उचलून पाहिली. ती जागची हलली नाही.

"काका, याच्या दोन लहान पिशव्या करा ना. निदान खलबत्ता तरी काढा."

"बेकागुत्ते."

"अहो, पण एकट्याला उचलणार नाही."

"टीचरबाई," काका प्रथमच माझ्यावर चिडले, "शाळेत मी येतो का शिकवायला?"

पिशवी एकच राहिली.

रविवारी सकाळी मी खिडकीत उभी होते. काकी तयार होत्या. मोतिया रंगाची साडी, केसांत अबोली. व्हरांड्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या आणि तिथेच खाली बसल्या.

"तुम्ही जाऊन या. मला नाही जमायचं."

काकांनी वाद घातला नाही, वहीही काढली नाही. त्यांनी पिशवीकडे पाहिले, मग काकींकडे. "बरं. मी जातो. ही स्वल्प त्या बाजूनं धर फक्त. रिक्षा कोपऱ्यावर उभी केलीय, गल्लीत वळत नाही ती."

गल्लीत रोज पाण्याचा टँकर वळतो. पण काकींनी ते लक्षात घेतले नाही. त्या कुरकुरत उठल्या आणि त्यांनी एक पट्टा धरला.

दोघे पायऱ्या उतरले. काका दर पावलाला कलत होते. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणल्या होत्या.

"नीट चाला हो! वाकडे काय चालताय?"

"जड आहे गं."

"कुठे जड आहे? मला तर काहीच वाटत नाही. म्हातारे झालात तुम्ही! कोडबळी खाऊन दाखवता लोकांना, आणि एक पिशवी उचलवत नाही. आमच्या गावाकडे बायका भाताची पोती..."

भाताच्या पोत्यांवर बोलता बोलता त्यांनी मोकळ्या हाताने फाटकाची कडी काढली, मागे पायाने फाटक लोटले, आणि त्या रस्त्यावर आल्या. त्यांचे बोलणे थांबले नव्हते. चपलांचा चटचट आवाज एक घर ओलांडून गेला, मग दुसरे.

मला मात्र त्या क्षणी एवढेच दिसले, की हाड सांधलेली एक बाई ओझे वाहते आहे. मी चपला उलट्या घालून धावले.

"काकी, सोडा, मी धरते!" म्हणत मी त्यांच्या हातातल्या पट्ट्याखाली बोटे सरकवली.

त्या पट्ट्याला वजनच नव्हते. त्या टोकाला पंचा होता, कापूस होता, कापडी टोपी होती. विटा, बाटल्या, लोखंडी खलबत्ता, सारे काही दुसऱ्या टोकाला होते, आणि त्या टोकाला घामाने निथळलेले काका होते. काकींच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाले,

"नको."